दिलावरच्या मानेवरचं लिंबू

“काका, वार लागत नाहीये.”

मृणाल मॅडम परत तेच बोलल्या आणि माझं डोकं फिरलं. मी अंगाला चिकटलेल्या काळ्या कपड्यांत उभा होतो. कपड्यांवर ठिकठिकाणी चिंचोक्याएवढे पांढरे गोळे लावलेले. या वेषात गावातल्या कुणी बघितलं असतं तर तालमीत एक पोर आलं नसतं. समोर पेंढा भरलेलं पोतं टांगलेलं, त्यावर मी कंपनीच्या बोथट तलवारीचे वार करत होतो. आणि ही कालची मुलगी मला सांगत होती की माझा वार लागत नाही.

“न्हाई कसा लागत? पोतं हललं की!” मी म्हटलं.

“हललं. पण कापलं गेलं नसतं. तुम्ही या, स्क्रीनवर बघा.”

“मला स्क्रीन कळत न्हाई. तलवार कळती.”

जागा भुकूमची. पौड रस्त्यापासून थोडं आत, पूर्वी रंगाचं गोडाऊन होतं तिथं. आता आत एसी, चारी बाजूंना कॅमेरे. हे कॅमेरे माणूस बघत नाहीत, फक्त ते पांढरे गोळे बघतात. मी हात उचलला की कॉम्प्युटरमधला शिपाई हात उचलतो. मी गुडघा वाकवला की तो वाकवतो. याला मोकॅप म्हणतात. म्हणजे आपली हालचाल तेवढी उचलून घेतात, तोंड दुसऱ्याचं लावतात.

मी मर्दानी खेळांचा वस्ताद. लाठी, फरीगदका, तलवार, दांडपट्टा शिकवतो. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींना मी आवडत नव्हतो म्हणून अर्धीच झाली. पण कोळवण खोऱ्यात माझ्यापुढं पट्टा घेऊन उभा राहील असा माणूस नाही, हे मी आजही सांगतो. कुणाला शंका असेल तर यावं.

या कंपनीचा एक गेम होता. जुन्या काळातला शिपाई. खेळणारा स्वतः तो शिपाई होतो, गावोगाव हिंडतो, हत्यारं मिळवतो, हळूहळू मोठा होतो. पहिला भाग चांगला खपला, पण जाणकार पोरांनी लढाईला नावं ठेवली. मी बघितला तो भाग. शिपाई पंख्यासारखा पट्टा फिरवतो, दमत म्हणून नाही. समोरच्याला दहा वार बसतात, त्याच्या डोक्यावर आकडे उडतात, तो तसाच उभा. मला हसू आवरेना. म्हणून दुसऱ्या भागात लढाई खरी करायची ठरली. तलवारीला वजन पाहिजे, माणसाला दम लागला पाहिजे, चिलखतावर घसरलं पाहिजे, उघड्या अंगावर लागलं तर माणूस बसला पाहिजे. ते सगळं बघायचं काम मृणाल मॅडमचं. त्यांच्या हुद्द्याला कॉम्बॅट डिझायनर म्हणतात. राहायला कोथरूडला, पण बोलायला सरळ.

पहिले काही दिवस बरे गेले. एक भांडण झालं, ते चिलखतावरून. मी म्हटलं, चांगल्या धारेची तलवार चिलखत फाडते. मॅडम म्हणाल्या, नाही फाडत. त्यांनी कुठूनतरी लोखंडी कड्यांचं चिलखत आणलेलं, ते पोत्याला घातलं आणि माझी घरची तलवार माझ्या हातात दिली. मी जोर लावून मारलं. तलवार सर्रकन घसरून खाली गेली. मी म्हटलं, धार नाही. धार होती. आदल्या दिवशी मीच लावली होती. मग आम्ही ठरवलं की गेममध्ये चिलखतवाल्याला बगलेत, मांडीच्या मागं, नाहीतर तोंडावरच मारायचं. ते पटण्यासारखं होतं.

पण “वार लागत नाही” हे मला पटणार नव्हतं.

शेवटी स्क्रीनपाशी गेलो. मॅडमनी एक रेघ दाखवली. वार सुटला की रेघ वर चढते. चढते, चढते, आणि पोत्याला टेकायच्या वीतभर आधी खाली येते.

“ही तुमच्या हाताची स्पीड,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मारता जोरात, पण टेकायच्या आधी ब्रेक लावता. प्रत्येक वेळी. डावीकडून, उजवीकडून, वरून, सगळीकडे. आम्हाला फॉलो थ्रू पाहिजे. म्हणजे तलवार अंगातून पलीकडे गेली पाहिजे.”

“कॅमेरा चुकतोय.”

“सगळे कॅमेरे एकाच वेळी?”

मी स्क्रीनपासून मागं सरलो. कारण रेघ बघितल्याबरोबर मला कळलं होतं.

आमच्या तालमीत पहिल्या दिवसापासून हात राखायला शिकवतात. समोर आपलाच जोडीदार असतो. वार पूर्ण जोरात काढायचा आणि त्याच्या अंगापाशी थांबवायचा. बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे आणि जोडीदाराला ओरखडा आला नाही पाहिजे. हे ज्याला जमलं तो शिकला. मला माझ्या वस्तादांनी हे शिकवताना काठीनं फोडून काढलेलं आहे. आणि ज्याचा हात राखलेला आहे त्यालाच आमच्या गावात भैरवनाथाच्या यात्रेत लिंबू तोडायला मिळतं.

ते काय, तेही सांगतो. पालखी देवळापुढं आली की मैदान धरतात. सगळे खेळ झाले की शेवटी एक जण गुडघ्यावर बसून मान खाली घालतो. त्याच्या उघड्या मानेवर लिंबू ठेवतात. वस्ताद वरून तलवार आणतो. लिंबाच्या दोन फोडी दोन बाजूंना पडतात आणि मानेला फक्त रस लागतो. बस, एवढंच. पण त्यासाठी आख्खं खोरं जमतं.

वस्ताद मी. मान दिलावरची.

दिलावरचं पौडच्या बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, दोऱ्या, पाइप. मिसरूड फुटायच्या आधी माझ्याकडं आला, आता त्याला नातू आहे. माझ्यानंतर लिंबू तोडणारा हात त्याचाच, पण तो तळहातावरचं तोडतो, मानेवरचं मी त्याला कधी दिलं नाही. मागितलंही नाही त्यानं. दर यात्रेला तो मान देतो आणि म्हणतो, “वस्ताद, दाढी करायची असंल तर पुढनं करा.” हा त्याचा ठरलेला विनोद. मी ठरल्याप्रमाणे हसत नाही.

तर, रेघ बघितली आणि मी घरी आलो. मॅडम म्हणाल्या होत्या, जमणार नसेल तर त्या दुसरा माणूस बघतील, मुंबईला स्टंट करणारे असतात. झालं. माझ्या जागी मुंबईचा स्टंटवाला! रात्रभर मला तेच टोचत राहिलं.

सकाळी उठून घरामागच्या परड्यात गेलो. केळीचा घड काढून झालेले खांब उभे होते. तलवार घेतली आणि मारलं. हात थांबला. पात केळीत रुतली, पलीकडं गेली नाही. परत मारलं. परत तेच. स्वतःच्या हाताचा असा राग मला कधी आला नव्हता. मी डोळे मिटले. मनाशी म्हटलं, समोर कुणी नाही. जोडीदार नाही, माणूस नाही, कुणी नाही. आणि मारलं.

खांब आडवा झाला.

आमची मंडळी दारात आली. “काय चाललंय? माणसावर काढल्यावानी केळीवर काय राग काढता?”

“काम करतोय. कंपनीचं.”

“कंपनीला केळी तोडून पायजेत व्हय?”

मी सगळे खांब झोपवले. मग शेजाऱ्याचे मागून झोपवले. दुसऱ्या दिवशी भुकूमला गेलो, काळे कपडे चढवले आणि पोत्यावर वार केला. पोतं फुटून पेंढा खोलीभर उडाला. मृणाल मॅडम खुर्चीवरून उठल्या. रेघ वर गेली आणि पोतं ओलांडून मगच खाली आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“काका, हे कसं केलंत एका रात्रीत?”

“वस्ताद उगाच म्हणत न्हाईत,” मी म्हटलं.

मला स्टंटवाल्याची बातमी परत ऐकू आली नाही. पुढं बरेच दिवस रोज तेच काम. सकाळपासून वार, सगळे पलीकडं जाणारे. खांद्यावर, मांडीवर, बरगडीवर. दम लागलेला वार कसा पडतो तेही पाहिजे होतं, म्हणून मला दमवायचे आणि मग मारायला लावायचे. मी माझी छाती पुढं काढून घरी यायचो.

मग एका संध्याकाळी तालमीत दिलावरबरोबर फरीगदका खेळत होतो. गदका म्हणजे कातडं मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. यात्रा जवळ आली होती, जोडी जुळवत होतो. मी डोक्याकडचा वार काढला आणि गदका दिलावरच्या कानाखाली बसला. आवाज झाला. पोरं थांबली.

दिलावर कान चोळत हसला. “वस्ताद, वैनींचा राग माझ्यावर?”

“तू फरी उशिरा आणली.”

“असंल बाबा.”

त्यानं फरी उशिरा आणली नव्हती. हा वार आम्ही इतक्या वेळा खेळलोय की फरी लागतच नाही, मी थांबवतो हे त्याला माहीत असतं. मी थांबवला नव्हता. थांबवायचं सुचलंच नव्हतं. हात गेला तो गेला.

त्या दिवसापासून माझी झोप गेली.

जेवताना हाताकडं बघायचो. एसटीत बसलो की मनातल्या मनात वार काढायचो आणि थांबवायचो. मनात थांबायचा. मन काय, मनात सगळंच जमतं. दोन दिवसांनी परत गदका बसला, या वेळी मनगटावर. दिलावर हसला नाही. त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “परत घेऊ या, वस्ताद.” मी म्हटलं, आज पुरे.

घरी येऊन परड्यात एक केळीचा खांब आडवा ठेवला. त्यावर लिंबू ठेवलं. खांबाची साल म्हणजे मान, असं धरलं. तलवार वर नेली आणि आणली.

लिंबाच्या दोन फोडी झाल्या. पात खांबात चार बोटं उतरली होती.

मी पटकन इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. खांब उचलून गोठ्यामागं टाकला. परत दुसरा घेतला. एकदा जमलं, सालीला नुसता रस. मग परत उतरली. परत जमलं. परत उतरली. जमतं की नाही हे आधी कळत नव्हतं, हेच वाईट. कधीच जमत नसतं तर सोपं होतं, सरळ नाही म्हणून सांगितलं असतं. माझ्या हातात आता दोन हात होते, आणि त्यातला कोणता येणार हे तलवार खाली आल्यावरच कळत होतं.

भुकूमला गेलो तेव्हा मृणाल मॅडमना बाजूला घेतलं. मला विचारायला जड जात होतं, पण विचारलं.

“मॅडम, ते तुमचं फॉलो थ्रू. काढायचं कसं?”

“काढायचं म्हणजे?”

सांगितलं. यात्रा, लिंबू, दिलावर, केळीचा खांब. ऐकता ऐकता त्यांचं तोंड उतरलं.

“काका, हे मला माहीत नव्हतं. मी विचारायला पाहिजे होतं.”

“तुमी काय विचारणार? मीच बोललो न्हाई.”

“गेममध्ये आम्ही दोन बटणं देतो. एक मारायचं, एक रोखायचं. पण माणसाच्या हाताचं… खरं सांगते, मला नाही माहीत. बोथट तलवार घेतली तर?”

“बोथट तलवारीनं लिंबू तुटत न्हाई, चेपतं. लोक दगड मारतील.”

“मग या वर्षी करू नका ना. सांगा, खांदा दुखतोय.”

“माझा खांदा आजपत्तूर दुखला न्हाई.”

“काका, दुसऱ्याच्या मानेचा प्रश्न आहे.”

हे वाक्य मला नको होतं. मी तसाच निघून आलो. उरलेलं रेकॉर्डिंग मॅडमनी स्वतःहून पुढं ढकललं, “यात्रा होऊ दे, मग बघू” म्हणून निरोप दिला. मी उरलेले दिवस केळीच्या खांबावर हात राखत काढले. शेवटी शेवटी बहुतेक वेळा जमायचं. बहुतेक वेळा.

यात्रेच्या सकाळी तलवारीला धार लावली. लावताना मनात आलं, थोडी कमी लावावी. मग लाज वाटली आणि नेहमीपेक्षा जास्त लावली.

पालखी आली. हलगी, ताशा, गुलाल. पोरांचे खेळ झाले, लाठी झाली, पट्टा झाला. माझा पट्टा बघून लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग मैदान मोकळं झालं. दिलावर आला, पांढरा सदरा काढून पोराकडं दिला, गुडघ्यावर बसला आणि मान घातली.

“वस्ताद, दाढी करायची असंल तर पुढनं करा.”

त्याच्या मानेवर पांढरे केस होते. मला ते आठवत नव्हते. कडेला ताईताचा काळा दोरा. कुणीतरी लिंबू आणून ठेवलं, ते जरा डगमगलं आणि बसलं. हलगी थांबली. हा आमचा रिवाज, लिंबाच्या वेळी हलगी थांबते. एवढी माणसं, आणि एक आवाज नाही.

मी तलवार वर नेली. हात स्थिर होता. माझा हात कधी थरथरत नाही, तेव्हाही थरथरला नाही. पण मला माहीत नव्हतं की तो कोणता हात आहे. मी वाट बघत राहिलो, काहीतरी कळेल म्हणून. काही कळलं नाही.

तलवार खाली घेतली.

“दिलावर, ऊठ.”

“काय झालं?” त्यानं मान न उचलता विचारलं. लिंबू पडेल म्हणून.

“ऊठ म्हणतो ना. आज तू तोड.”

त्यानं लिंबू हातात घेतलं आणि उठला. लोकांत कुजबुज सुरू झाली. सरपंच पुढं यायला लागला, त्याला मी हातानं थांबवलं.

“कुणाच्या मानेवर?” दिलावरनं हळू विचारलं.

“माझ्या. दुसरी कुणाची हाय हितं?”

“वस्ताद, मी मानेवरचं कधी तोडलं न्हाई.”

“तुझा हात राखलेला हाय. मी राखलाय. तोड.”

मी सदरा काढला, गुडघ्यावर बसलो. गुडघे कुरकुरले. मान घातली. लिंबू मानेवर ठेवलं तेव्हा ते थंड असतं हे मला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं मी ते वरूनच बघत होतो. खाली फक्त माती दिसते, गुलालाचे कण, आणि जोडीदाराचे पाय. दिलावरचे पाय जुळले. उजवा मागं गेला. मी सांगणार होतो, अजून थोडा मागं घे. नाही सांगितलं.

वारा आला मानेवर. मग ओलं लागलं.

मी तसाच राहिलो. ओलं म्हणजे रस की रक्त, हे खाली बसलेल्याला लगेच कळत नाही. मग लिंबाची फोड माझ्या नाकापुढं येऊन पडली आणि हलगी कडाडली.

दिलावरनं मला हाताला धरून उठवलं. लोक ओरडत होते. वस्तादांनी गादी दिली, चेल्याला मोठं केलं, असं काय काय. सरपंचानं आम्हा दोघांना फेटा बांधला. मी काही कुणाचा गैरसमज दूर करत बसलो नाही.

देवळामागं पाणी प्यायला गेलो तेव्हा दोघंच होतो. दिलावरनं एका दमात तांब्या रिकामा केला.

“तुला ठावं व्हतं?” मी विचारलं.

“कानाखाली बसला तवाच. मनगटावर बसला तवा खात्री झाली.”

“मग मान कशाला घातलीस, येड्या? घरी नातू हाय तुला.”

“तुमाला इचारलं असतं तर तुमी मला तालमीतनं हाकललं असतं आन दुसऱ्या कुणाला तरी बसवलं असतं. त्याला ठावं नसतं. मला तरी ठावं व्हतं.”

“आन मी तोडलं असतं तर?”

त्यानं तांब्या खाली ठेवला. “हात सुटला व्हता तुमचा, वस्ताद. डोकं न्हाई. तुमी न्हाई तोडलं.”

फेटा सैल बांधलाय म्हणून मी सरपंचाला शिव्या दिल्या आणि आम्ही घरी गेलो.

गेमचा दुसरा भाग आता आलाय. मृणाल मॅडम लॅपटॉप घेऊन घरी आल्या होत्या दाखवायला. शिपायाला दम लागतो, चिलखतावरून तलवार घसरते, मांडीवर वार बसला की माणूस खाली बसतो. चालणं माझंच आहे, मंडळीनं पाठीवरून ओळखलं. आणि माझे ते पहिल्या दिवसांचे न लागलेले वार मॅडमनी फेकून दिले नव्हते. शिपाई तालमीत जोडीदाराबरोबर सराव करतो, तिथं ते लावलेत. तिथं ते बरोबर दिसतात. दिलावरनं दुकानात गिऱ्हाइकांना उभं ठेवून गेम खेळला आणि पहिल्याच वेशीवर मेला. म्हणाला, गेम चांगला आहे, बटणं वाईट आहेत.

मॅडमनी तिसऱ्या भागाचं विचारलं. मी म्हटलं, करतो, पण वार मी राखूनच करणार. पलीकडं न्यायचा असेल तर तुमच्या कॉम्प्युटरनं न्यावा. त्या म्हणाल्या, तेवढं करता येतं. म्हणजे आधीही करता आलं असतं. पण त्यांनी तेव्हा सांगितलं नाही आणि मी तेव्हा विचारलं नाही.

मोकॅपच्या कामाला जाणाऱ्या आमच्या लोकांना मी एवढंच सांगतो, कंपनी नवा हात शिकवते, जुना परत बसवून देत नाही. ते आपल्या वेळात करावं लागतं. मी रोज सकाळी परड्यात करतो. केळी संपली, आता भोपळे चाललेत, आणि घरात रोज भोपळ्याचीच भाजी होते.

दिलावर म्हणतो, “पुढच्या यात्रेला परत मीच मान देणार.” मी अजून होय म्हटलेलं नाही.